वयनीचे वासाचे पाव

वयनी, कावळा एवढ्या लवकर शिवायला नको होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. माणसाची इच्छा अडकलेली असली की कावळा येत नाही, मग घरच्यांनी एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा, हे आपल्याकडे ठरलेलं. सगळे आपापला शब्द तयार ठेवून आले होते. भाऊजी रिक्षातच पुटपुटत होते, 'हिला तुळजापूरला न्यायचं राहून गेलं, जाऊन येईन म्हणतो.' कोन गावच्या आत्या घसा खाकरून बसल्या होत्या. मी तर पाठच करून गेले होते. पण कुठलं काय! आम्ही चपला बाजूला सारतोय तोवर एक कावळा आला, भाताचा घास उचलला आणि गेलासुद्धा.

सगळ्यांनी हात जोडले. "सुटली बाय," आत्या म्हणाल्या, "कसलीच इच्छा नाय ऱ्हायली तिची."

मला मात्र असा संताप आला! इच्छा नाही म्हणजे काय? आदल्या संध्याकाळी माझ्याशी मांडलेलं भांडण अर्धं टाकून झोपलीस, पॅसेजमधल्या उबदार इन्व्हर्टरवर परातभर पीठ फुगत ठेवलंस, सकाळी उठलीच नाहीस, आणि म्हणे कसलीच इच्छा नाही. निदान पाच मिनिटं तरी ताणायचं होतंस. मला पुढे येऊन बोलायला मिळालं असतं.

मी म्हणणार होते, 'वयनी, तेराव्याला तुझ्या ताटात तुझा वासाचा पाव ठेवीन. विकतचा नाही. तुझ्या विरजणाचा.' मोठ्याने म्हणणार होते, सगळ्यांच्या देखत, म्हणजे मला माघार घेता आली नसती. तू ती संधीच दिली नाहीस. कुणी मागितलाच नाही तो शब्द. म्हणून मग मीच ठरवलं, न मागता देईन. आणि तसंच झालं म्हणून आज हे लिहिते आहे.

तू गेलीस त्या सकाळी आपल्या सुकापूरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आपण दोघी जावा, तू खाली, मी वरच्या मजल्यावर, पण माझा अर्धा दिवस तुझ्याच स्वयंपाकघरात जायचा. त्या दिवशी मात्र मला भिंतीशी बसवून ठेवलेलं. एकीने हात धरलेला, दुसरीने खांदा. समोर तू. आणि तुझ्या डोक्यावरून मला पॅसेज दिसत होता, इन्व्हर्टरवरची परात, परातीवरचं फडकं. ते फडकं हळूहळू वर येत होतं गं. बाहेर बायका रडताहेत, माणसं तिरडीचं सामान आणताहेत, आणि तुझं पीठ आपलं निवांत फुगतंय. वेलचीचा, जायफळाचा वास अख्ख्या घरात. मला वाटत होतं, उठावं, निदान दाबून हवा काढावी, नाहीतर आंबट होईल. कुणी उठू दिलं नाही. "बस बाय, बस," म्हणत राहिल्या.

आणि मग कोनच्या आत्या आल्या. भाऊजींची आत्या, म्हणजे आपल्या दोघींचीही सासूच. तुला माहीतच आहे त्यांचं काम. मयताच्या घरी रडायच्या आधी पदर खोचतात. मयत झालं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून द्यायचं, शिजलेलं अन्न टाकून द्यायचं, ही आपली रीत. आत्यांनी हंडे उपडे केले, कळशी उपडी केली, रात्रीची भाजी, दूध, दही, सगळं बाहेर. परातही गेली. ते मला दिसलं, आणि वाईट वाटलं, पण तेवढंच. पीठ काय, पुन्हा मळता येतं.

बरणीचं मला दोन-तीन दिवसांनी कळलं. फ्रिज उघडला, दाराच्या खालच्या कप्प्यात हात घातला, तर तुझी चिनी मातीची बरणी नाही. ओट्यावर धुऊन पालथी घातलेली. चकचकीत.

"आत्या, यात पीठ होतं ते?"

"आगो, त्याला बुडबुडं आलं व्हतं. आंबूस वास येत व्हता नुसता. दिला टाकून."

"अहो, ते नासलेलं नव्हतं! ते विरजण होतं!"

"पिठाचा कुटं विरजण असतंय?" आत्या म्हणाल्या, आणि खरं सांगू, त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्याने पाहिलं नाही त्याला ते नासकं पीठच. पण मी ओट्याला टेकून जी रडले, तशी तुला नेताना पण रडले नव्हते. आत्या घाबरल्या. त्यांना वाटलं बरणीत तू सोनंनाणं ठेवलं होतंस.

ते विरजण केवढं जुनं होतं ते आपल्या दोघींनाच माहीत. माझ्या माहेरच्यांनी लग्नात ओव्हन दिला होता. पनवेल शहरातली मुलगी, तिला ओव्हन नको का! आणि मी तो खोक्यासकट पलंगाखाली ढकलला होता, कारण मला त्यात काय करायचं ते ओ की ठो कळत नव्हतं. एक दिवस तू केर काढायला वाकलीस. "या पेटीन काय हाय गं?"

"ओव्हन आहे. त्यात केक, पाव होतो, अहो वहिनी."

"अहो कुनाला म्हनतंस? मी काय तुजी सासू हाय? वयनी म्हन. आनि काड ती पेटी भायेर."

त्या दिवसापासून तू वयनी आणि मी 'अगं'वर आले. तुझ्या माहेरी उरणकडे मिठागराच्या बांधावर ताड होता. तुझी आई वड्यांच्या पिठात सकाळची ताडी घालायची, ते पीठ टम्म फुगायचं. तुझा हिशेब सरळ: तांदळाचं पीठ फुगतं तर मैदा काय मोठा लाटसाहेब लागून गेला? माहेराहून बाटलीभर ताडी आणलीस. पहिली खेप अशी झाली की शेजारच्यांच्या शेळीने हुंगून तोंड फिरवलं. आपण दोघी ओट्यापाशी पोट धरून हसलो होतो. पण तू हट्टी. त्यातलाच एक कच्चा गोळा बरणीत ठेवलास, रोज मूठभर मैदा नि पाणी घालत राहिलीस, आणि एक दिवस त्या बरणीचं झाकणच वर आलं.

मग त्या पावात काय काय शिरलं! साखर नको, गूळ. दूध नको, नारळाचं दूध. वेलची, दालचिनी, बडीशेप, चिमूटभर मिरी. आणि जायफळ. ते तू किसणीवर किसत सुटायचीस आणि मी दर वेळी ओरडायचे, "बस, बस, जायफळ जास्त होतंय!" तू म्हणायचीस, "तुला काय कललंय?" एकदाही ऐकलं नाहीस. ओव्हनमधून निघाले की तूप फासून ओल्या फडक्याखाली झाकायचीस, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही कापसासारखे मऊ. 'मसाल्याचा पाव' म्हटलं की भाऊजींना तिखट वाटायचं, म्हणून पोरांनी नाव पाडलं, वासाचे पाव.

आणि पीठ झालं की नाही हे बघायची तुझी ती तऱ्हा! कानाच्या पाळीएवढं मऊ झालं की झालं, हे तुझ्या आईचं माप. पण लहानपणापासून जड कुड्या घालून तुझ्या पाळ्या लोंबलेल्या. म्हणून तू माझा कान धरायचीस. एका हाताने पीठ चिमटीत, दुसऱ्या हाताने माझी पाळी. डोळे मिटून दोन्ही दाबायचीस आणि म्हणायचीस, "अजून हवा." मी फोनवर असू दे, पाहुण्यांत बसलेली असू दे. पिठाळ कान घेऊन मी बाजारात जाऊन आलेय, वयनी, तुझ्यापायी.

आता भांडणाकडे येते. ते मी सोडलेलं नाही.

आपल्या गावठाणाच्या पलीकडे टॉवर उभे राहिले, त्यातल्या एकातली स्नेहल. एकदा पाव खाल्ला आणि तुझ्या मागेच लागली, "काकू, शिकवा ना, काकू, प्लीज." तू शिकवलंस. वर वाटीभर विरजण दिलंस. मी तिथेच तुझ्याकडे डोळे वटारून बघत होते, तरी दिलंस. पुढच्या वर्षी बाई घरून ऑर्डरी घ्यायला लागली. खाकी डबा, त्यावर सोनेरी स्टिकर, 'आजीच्या हातचे स्पाइस्ड बन्स'. कोण आजी? कुठली आजी? मला त्या स्टिकरने झोप लागेना. आणि त्या शेवटच्या संध्याकाळी कळलं की बचत गटाच्या प्रदर्शनात आपल्या स्टॉलच्या शेजारीच तिचा स्टॉल आहे. मी खाली येऊन म्हटलं, "बघितलंस? दे अजून वाटून!"

तू मैदा चाळत होतीस. "विरजन वाटल्यानी कमी व्हतंय काय?"

"कमी नाही होत, पण आपलं राहत पण नाही."

"आपला म्हंजे कुनाचा गं? ताड काय माज्या बापानी लावला व्हता?"

"वयनी, तुला जग कळत नाही."

"आनि तुला पीठ कलत नाय. जा वर, सकाली बोलू."

मी पाय आपटत वर गेले. सकाळी बोलू म्हणालीस. बोललीस का? सांग ना. मी दिवसभर तुझ्यासमोर बसले होते.

तर दहाव्यावरून घरी आलो. सुतक फिटलं, आता मळायला, आंबवायला हरकत नव्हती, पण तेरावा तोंडावर आला होता. मी भाऊजींना म्हटलं, ताडी आणून द्या. ते बिचारे कुठे कुठे फिरले. ताड आता राहिलेत कुठे? जिथे होते तिथे टॉवर नाहीतर रस्ता. शेवटी एका ओळखीच्याने बाटली दिली. मी मळलं, इन्व्हर्टरवर ठेवलं, फडकं घातलं. दिवस उलटला तरी पीठ ढिम्म. वास मात्र असा की शेजारीण नाकाला पदर लावून विचारून गेली. ती ताडी होती की आणखी काही, देव जाणे.

"ऱ्हाऊ दे रेखा," भाऊजी म्हणाले. "बेकरीतून पाव आनतो, ताटान ठेवू. समजून घेईल ती."

"तिने समजून घेतलं तरी मी नाही घेणार," मी म्हटलं. वयनी, मला बेकरीचा पाव चालला असता, यीस्टचं पाकीट पण चाललं असतं. मीच तर तुला इतकी वर्षं सांगत होते की यीस्ट वापर. पण तुझ्या ताटात नाही. तिथे नाही म्हणजे नाही.

विरजण एकाच घरात उरलं होतं आणि ते कुणाचं, हे मला बरणी पालथी दिसली त्याच क्षणी माहीत होतं. मला जायचं नव्हतं, म्हणून तर ताडीचा घाट घातला. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलली आणि निघाले. वाटभर तुलाच शिव्या दिल्या. लिफ्टमध्ये आरशात बघत म्हटलं, 'मागायचं आणि यायचं. रडायचं नाही. स्टिकरचा विषय काढायचा नाही.'

स्नेहलने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहराच उतरला. तू गेल्याचं तिला थोड्याच वेळापूर्वी दुधाच्या दुकानात कळलं होतं. "काकू, मला कुणी सांगितलंच नाही हो," म्हणून ती दारातच रडायला लागली. मला आत पण घेईना, बाजूला पण होईना.

मी म्हटलं, "रड नंतर. मला विरजण हवंय. आमचं टाकलं गेलं."

ती डोळे पुसत फ्रिजकडे गेली. काचेची मोठी बरणी काढून ओट्यावर ठेवली. आत बुडबुडे, तोच आंबूस गोड वास. बरणीवर पांढरी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर मार्करने लिहिलेलं, 'वयनी'.

"हे काय?"

ती ओशाळली. "आम्ही बेकर लोक स्टार्टरला, म्हणजे विरजणाला, नाव ठेवतो, काकू. तशी पद्धत आहे. तुम्ही त्यांना वयनी म्हणायचात ना, मला ते फार आवडायचं. घरी आम्ही रोज सकाळी एकमेकांना विचारतो, वयनीला खायला घातलं का?"

वयनी, मी त्या परक्या ओट्यावर डोकं टेकलं. हसायला येत होतं की रडायला, मलाच कळेना. दहा दिवस सगळे सांगत होते, ती गेली, आता मन घट्ट कर. आणि इथे सातव्या मजल्यावर तू रोज सकाळी मैदा खात होतीस.

"सगळी न्या म्हणाले असते," ती म्हणाली, "पण निम्मीच देते हां. रागावू नका. त्यांनीच बजावलं होतं मला, कुणालाही दे, पण बरणी रिकामी करून देऊ नको."

"बरोबरच बजावलं," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे निघालं, ऐकलंस का? पण जाताना दारात थांबून सांगितलंच, "आणि ते स्टिकर बदल. आजी नव्हती ती. चांगली ठसठशीत बाई होती." ती हो म्हणाली आहे. नाही बदललं तर मी पुन्हा जाणार आहे. आता वाट माहीत झाली.

बाराव्याच्या दुपारी मळायला बसले. आत्या दाराशी स्टुलावर बसून बघत होत्या. बरणीचं कळल्यापासून त्या माझ्यासमोर जरा बिचकूनच होत्या, लसूण सोलायला मागायच्या, भांडी घासायला धावायच्या. गूळ, नारळाचं दूध, मसाला सगळं घातलं, मळलं, तिंबलं. आणि मग अडले. झालं की नाही कसं कळणार? दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. आणि खरी गोष्ट अशी की मला नुसता कान माहीत, पीठ माहीत नाही. दाबणारी तू होतीस.

"आत्या, इकडे या. हे पीठ चिमटीत धरा. आणि दुसऱ्या हाताने माझा कान."

"काय झाला गं तुला? डोस्का फिरला काय?"

"धरा सांगते ना."

त्या उठल्या. पदराला हात पुसले. एका हाताने पीठ धरलं, दुसऱ्याने माझी पाळी. मग त्यांनी डोळे मिटले, कुणी न सांगता, आणि दोन्ही दाबून बघितलं. पुन्हा बघितलं.

"अजून हवा," म्हणाल्या.

मी मान खाली घालून मळत राहिले. डोळ्यातलं पिठात पडू नये म्हणून बाहीला पुसत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी कान सोडला आणि म्हणाल्या, "आता झाला." रात्री इन्व्हर्टरवर परात ठेवली. सकाळी फडकं वर आलेलं.

काल तेरावा झाला. तुझ्या फोटोपुढे ताट वाढलं, वरणभात, खीर, वडे, आणि मधोमध वासाचा पाव, तूप फासलेला. पंगतीतल्या कुणीतरी म्हटलं, "नैवेद्याच्या ताटात पाव कुठे ठेवतात का?" मी तोंड उघडायच्या आतच आत्या कडाडल्या, "तिचा ताट हाय का तुजा?" विषय संपला. भाऊजींनी एक पाव मोडला, नुसता वास घेतला आणि बराच वेळ तसाच हातात धरून बसले. मग खाल्ला. दुसरा मागितला.

आज सकाळी आत्या कोनला परत निघाल्या. पिशवी भरली, चपला घातल्या, तरी पाय निघेना. मग हळूच म्हणाल्या, "रेखा, मलाबी दे की त्यातला थोरा. मी नाय आता टाकनार."

मी बरणी काढली. तुझी चिनी मातीची, आता भरलेली. क्षणभर हात आखडला, तुझ्यापाशी काय लपवायचं? पण वाटीभर एका डबीत काढून दिलं. झाकण लावून, पिशवीत उभी ठेवून, रोज खायला घालायचं वगैरे सगळं सांगून दिलं. म्हणजे आता सुकापुरात तू, टॉवरमध्ये तू, कोनला तू. कुणी कितीही हंडे-बरण्या पालथ्या घातल्या तरी आता तू संपायची नाहीस. पुढच्या प्रदर्शनात आपला स्टॉल लागणार आहे, तुझ्या जागेवर मी बसणार, आणि शेजारी स्नेहल बसली तरी बसू दे.

एवढं सगळं केलं म्हणून तू जिंकलीस असं मात्र समजू नकोस. सकाळी बोलू म्हणाली होतीस, ते बोलणं राहिलंय. मी जायफळ तुझ्या हाताने किसलं, अगदी तू किसायचीस तेवढं. आणि कालचा पाव खाऊन आता ठामपणे सांगते, जायफळ जास्त होतं, वयनी. पहिल्यापासून जास्तच होतं.

ये ना. ये, आणि म्हण मला, तुला काय कललंय.